नुसती घडणावळ
(आर्ट स्मिथ यांचे दुकान आणि दागिन्याच्या किमतीचा प्रश्न)

सराफाच्या पावतीवर दोन आकडे वेगवेगळे लिहिलेले असतात. एक सोन्याचा, म्हणजे वजन गुणिले त्या दिवसाचा भाव. दुसरा घडणावळीचा. पहिल्या आकड्याबद्दल गिऱ्हाईक फारसे बोलत नाही, कारण तो भाव सकाळच्या पेपरात छापून आलेला असतो. घासाघीस होते ती दुसऱ्या आकड्यावर. तोच दागिना दहा वर्षांनी मोडीत घातला की हा दुसरा आकडा नाहीसा होतो. घट वजा करून सोन्याचे पैसे हातात पडतात. घडणावळीचा एक रुपयाही परत मिळत नाही. दागिन्यात जे माणसाच्या हाताने घातले ते बुडीत, आणि जे खाणीतून आले ते शाबूत, असा हा हिशेब आहे.

हा हिशेब चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. ज्या घरात आजारपण, शिक्षण, दुष्काळ या सगळ्यांना आईच्या पाटल्यांनीच तोंड दिले, त्या घरात वाढलेल्या माणसाने तसे म्हणू नये. पण या हिशेबाचा एक परिणाम आपण लक्षात घेत नाही. ठुशी, चिंचपेटी, वजरटीक, मोहनमाळ, साज अशी दागिन्यांची नावे आपल्याला पाठ असतात. त्यातला एखादा अप्रतिम नमुना कोणी घडवला, हे मात्र कोणालाच सांगता येत नाही. कारागिराचे नाव पावतीवर नसते, आणि काही वर्षांनी दागिनाच मुशीत जात असल्याने त्याचे काम बघून त्याला ओळखण्याची सोयही उरत नाही.

मग ज्यात धातूची किंमत जवळजवळ नाहीच, जे आहे ते सगळे घडणावळ आहे, असा दागिना असू शकतो का? तो कोण घेईल? तो घडवणाऱ्याचे पोट भरेल का? या प्रश्नांच्या मागे लागून काही वर्षांपूर्वी मी न्यूयॉर्कच्या ग्रिनिच व्हिलेज भागातल्या एका दुकानापर्यंत, अर्थात कागदोपत्री, जाऊन पोचलो. पत्ता : 140, वेस्ट फोर्थ स्ट्रीट. मालक आणि कारागीर : आर्ट स्मिथ.

*

आर्थर स्मिथ यांचा जन्म 1917 चा, क्यूबातला. आईवडील मूळचे जमैकाचे. 1920 मध्ये कुटुंब न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये आले. मुलाचा हात चित्रकलेत चांगला होता आणि त्या बळावर त्यांना कूपर युनियन या नामांकित संस्थेची शिष्यवृत्ती मिळाली. तिथे कृष्णवर्णीय विद्यार्थी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. सल्ला देणाऱ्यांनी त्यांना वास्तुशास्त्राकडे वळवायचा प्रयत्न केला, कारण त्यातून निदान सरकारी नोकरी तरी मिळेल. सल्ला वाईट हेतूने दिलेला नसावा; पण काळ्या मुलाने कलावंत होण्याचे स्वप्न पाहू नये, हे त्यात गृहीत होते. गणित जमेना, तेव्हा स्मिथ यांनी शिल्पकला घेतली आणि 1940 मध्ये पदवी मिळवली.

दागिने घडवायला ते शिकले नंतर, न्यूयॉर्क विद्यापीठाच्या रात्रीच्या वर्गात. पण खरी उमेदवारी झाली ती विनिफ्रेड मेसन यांच्याकडे. मेसन याही कृष्णवर्णीय, वेस्ट इंडीजमधून आलेल्या कुटुंबातल्या. ग्रिनिच व्हिलेजमध्ये त्यांचे छोटे दुकान होते आणि त्या प्रामुख्याने तांबे आणि पितळ या धातूंत काम करीत. 1945 मध्ये रोझेनवाल्ड शिष्यवृत्ती घेऊन त्या हैतीला तिथल्या लोककलेचा अभ्यास करायला गेल्या. स्मिथ हे त्यांचे पूर्णवेळ मदतनीस होते.

स्मिथ यांच्याविषयी लिहिणारे बरेच जण मेसन यांना एका वाक्यात उरकतात, आणि इथे माझा पहिला आक्षेप आहे. ‘स्वतंत्र कलावंत’ हा शब्द वापरला की त्या माणसाला कोणी शिकवलेच नाही, असे चित्र उभे राहते. मी स्वतः कोणत्याही विद्यापीठाच्या दाराने या अभ्यासात आलेलो नाही, म्हणून हे जरा जोर देऊन सांगतो : स्वतःच्या बळावर शिकलेला माणूसही कोणाच्या तरी शेजारी बसून शिकलेला असतो. सोने नसताना दागिना घडवता येतो, काळ्या माणसाला व्हिलेजमध्ये दुकान थाटता येते आणि गिऱ्हाईक त्या दुकानाची पायरी चढते, या तिन्ही गोष्टी स्मिथ यांनी मेसन यांच्या दुकानात डोळ्यांनी पाहिल्या होत्या. त्यांच्या प्रेरणांची यादी करायची तर पहिले नाव शाळेचे किंवा पॅरिसच्या कुठल्या पंथाचे येत नाही. ते या बाईंचे येते.

*

1946 मध्ये स्मिथ यांनी कॉर्नेलिया स्ट्रीटवर स्वतःचे दुकान काढले. तिथे त्यांना वर्णद्वेषी हल्ल्यांना तोंड द्यावे लागले. मग ते वॉशिंग्टन स्क्वेअर बागेपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या वेस्ट फोर्थ स्ट्रीटला आले आणि 1979 पर्यंत तिथेच राहिले. तीन दशकांहून अधिक काळ एकच रस्ता, एकच दुकान.

तो काळ अशा दुकानांना अनुकूल होता. एट्थ स्ट्रीटवर सॅम क्रेमर हे स्वप्नातल्या प्राण्यांसारखे चमत्कारिक दागिने घडवीत. भुसा भरलेल्या प्राण्यांसाठी बनवतात तसले काचेचे डोळे ते चांदीत बसवीत. 1946 मध्येच न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने हाताने घडवलेल्या आधुनिक दागिन्यांचे प्रदर्शन भरवले. दोन वर्षांनी मिनियापोलिसच्या वॉकर आर्ट सेंटरने ‘पन्नास डॉलरच्या आतले आधुनिक दागिने’ या अर्थाच्या नावाचे प्रदर्शन भरवले. हे नावच बोलके आहे. दागिन्यांच्या प्रदर्शनात किंमत सांगायची ती कमीत कमी किती सांगता येईल, अशी ही उलटी चढाओढ होती. हिरे आणि प्लॅटिनमच्या दुकानात कधीच न गेलेला शिक्षक, नर्तकी, कारकून, चित्रकार हा या दागिन्यांचा गिऱ्हाईक होता.

या बाजारात टिकायचे म्हणजे काय करायचे, हे समजून घेतल्याशिवाय स्मिथ यांची कला समजत नाही. तांब्याचा पत्रा स्वस्त असतो, पण तो कामाला सोपा नाही. हातोडी मारत गेले की तो कडक होतो. पुढे मारला तर चिरतो. म्हणून मध्येच लालबुंद तापवून मऊ करायचा, पुन्हा मारायचा, पुन्हा तापवायचा. डाख लावताना आच जास्त झाली की काम काळवंडते. अंगावर घातल्यावर घामाने तांब्याचा हिरवट डाग कातडीवर उतरतो, त्याचीही काळजी घ्यावी लागते. ही सगळी मेहनत सोन्याच्या कामाइतकीच, काही बाबतींत जास्त. फरक एवढाच की सोनाराच्या हातून काम बिघडले तर सोने उरते. इथे बिघडले तर पत्र्याचा तुकडा आणि गेलेला दिवस उरतो.

ब्रुकलिन म्युझियममध्ये स्मिथ यांच्या दागिन्यांचा मोठा संग्रह आहे. त्यांच्या नोंदींत अनेक ठिकाणी ‘अमुक सालाच्या सुमारास आरेखन’ असे लिहिलेले सापडते. घडवल्याचे साल असे नसते. सुरुवातीला मी हा तपशील नजरेआड केला होता. पुढे लक्षात आले की दुकानदाराचे सगळे जगणे त्या एका शब्दात आहे. एकदा जमलेला नमुना स्मिथ पुढे मागणीप्रमाणे पुन्हा पुन्हा घडवीत. वस्तू एकमेव असलीच पाहिजे हा गॅलरीचा नियम; तो पाळला असता तर दुकानाचे भाडे निघाले नसते. मापात, क्वचित धातूतही थोडा फरक करून तोच आकार नव्या गिऱ्हाइकासाठी पुन्हा उभा राहायचा. आपल्या सोनाराकडेही ठुशीचा नमुना पिढ्यान्‌पिढ्या चालत येतो. फरक असा की इथे नमुन्याला त्याच्या जनकाचे नाव चिकटून राहिले.

*

स्मिथ यांच्या कामावर दोन प्रभाव नेहमी सांगितले जातात. एक आफ्रिकी कलेचा, दुसरा अलेक्झांडर कॉल्डर यांचा. दोन्ही खरे आहेत, पण दोन्ही मिळूनही पुरे पडत नाहीत.

कॉल्डर यांचे घेऊ. तारेला टांगलेली, वाऱ्यावर हलणारी त्यांची शिल्पे प्रसिद्धच आहेत. त्यांनी अठराशेच्या आसपास दागिनेही घडवले. ठोकलेली पितळेची तार, ठसठशीत वळणे, डाख शक्यतो टाळलेला. 1959 च्या सुमाराचा स्मिथ यांचा ‘पटिना’ हा कंठा कॉल्डर यांच्या हलत्या शिल्पांची आठवण देतो, यात वाद नाही. त्याचे लोंबते भाग घालणाऱ्याच्या हालचालीबरोबर हलतात. पण कॉल्डर यांचे पुष्कळ दागिने पत्नीसाठी, मैत्रिणींसाठी, वाढदिवसाला दिलेल्या भेटी होत्या. त्यांतला एखादा खांद्याला टोचला तरी घालणारी हसून घेई. स्मिथ यांच्या दुकानातून नेलेला कंठा टोचला तर तो दुसऱ्या दिवशी परत आला असता. म्हणूनच स्मिथ यांचे आकार कितीही धाडसी असले तरी ते गळ्याचा, हाडांचा, मनगटाच्या वळणाचा विचार करून बेतलेले असतात.

ही शरीराची जाण आली कुठून? माझे उत्तर : नृत्यातून. नर्तक टॅली बीटी हे स्मिथ यांचे जवळचे स्नेही. त्यांच्यामुळे स्मिथ यांना फ्रँक आणि डॉर्कस नील या दांपत्याच्या घरच्या मैफलींत प्रवेश मिळाला. तिथे लेखक जेम्स बॉल्डविन, संगीतकार बिली स्ट्रेहॉर्न, गायिका लीना हॉर्न अशी माणसे जमत. बीटी, पर्ल प्रायमस यांच्या नृत्यांसाठी स्मिथ यांनी दागिने घडवले. रंगमंचावरच्या दागिन्याच्या दोन अटी असतात. तो शेवटच्या रांगेतून दिसला पाहिजे, आणि उडी मारताना, गिरकी घेताना तो आड येता कामा नये. पहिल्या अटीमुळे दागिना मोठा होतो, दुसरीमुळे हलका. मोठा आणि हलका या परस्परविरोधी मागण्या एकदम पुऱ्या करायच्या तर एकच मार्ग उरतो : धातू कमी वापरायचा आणि मधल्या मोकळ्या जागेलाच आकार द्यायचा.

स्मिथ यांच्या पुढच्या साऱ्या कामाची किल्ली मला इथे सापडते. ‘लाव्हा’ हे 1946 च्या सुमाराचे कंकण पाहा. कंकण म्हणायचे, पण ते मनगटावर थांबत नाही. एकावर एक चढणारे वळणदार पत्रे कोपराच्या दिशेने सरकत जवळजवळ सगळा पुढचा हात व्यापतात. पत्र्यांच्या मधून कातडी दिसते, आणि ती दिसावी अशीच योजना आहे. हात काढून घेतला तर उरते ते अर्धेच काम. शरीर हे रेषा, आकार, रंग यांच्यासारखेच आपले एक साहित्य आहे, अशी स्मिथ यांची भूमिका होती, आणि ‘लाव्हा’ पाहताना ती नुसती बोलण्यापुरती नव्हती हे पटते.

सोन्याच्या हिशेबात मोकळ्या जागेला किंमत नाही, कारण तिला वजन नाही. ‘पोकळ’ हा शब्दच आपल्याकडे संशयाने उच्चारला जातो. पोकळ पाटल्या म्हणजे दिखावा. स्मिथ यांच्या दागिन्यात मोकळी जागा हाच सर्वांत विचार करून घडवलेला भाग आहे. वजनाचे बंधन सुटले तेव्हाच हे शक्य झाले. तांबे त्यांनी गरिबीमुळे हाती घेतले असेल, पण त्यांना मोकळे केले तेही तांब्यानेच.

शरीराशिवाय दागिना पुरा होत नाही हा विचार आपल्यालाही अगदी परका नाही. नरहरी सोनारांची कथा आठवावी. विठ्ठलाच्या कमरेचा करगोटा त्यांनी आणून दिलेल्या मापावरून घडवला. तो कधी सैल झाला, कधी घट्ट. शेवटी डोळे बांधून का होईना, त्यांना स्वतः देवळात जाऊन मूर्तीला हात लावून माप घ्यावे लागले. कथेचा रोख शैव-वैष्णव ऐक्याकडे आहे हे उघडच आहे. पण ती रचणाऱ्याला सोनाराचा धंदा ठाऊक होता, हेही तितकेच उघड आहे. दोऱ्याचे माप पुरत नाही, हात लावावा लागतो.

*

आता थोडे प्रतिकूल. स्मिथ यांचे सगळेच काम मला सारखे वाटत नाही. 1962 च्या सुमाराचा, ड्यूक एलिंग्टन यांच्या नावाने ओळखला जाणारा चांदीचा कंठा अनेकांना आवडतो. त्यात वेगवेगळ्या रंगांचे खडे आहेत आणि त्यांची मांडणी जॅझच्या लयीची आठवण देते असे म्हटले जाते. स्मिथ जॅझचे दर्दी होते. एलिंग्टन यांच्यासाठी त्यांनी ‘मूड इंडिगो’ या रचनेचे पहिले स्वर कोरलेली बाह्यांची बटणेही घडवली होती. तरीही या कंठ्यात नजर खड्यांवर थांबते. खडे आले की कोंदण येते, कोंदण आले की मोकळी जागा मागे हटते, आणि आपण पुन्हा मौल्यवान वस्तू पाहू लागतो. तो सुंदर दागिना आहे, पण तो दुसऱ्या कोणी चांगल्या कारागिराने घडवला असता तर मला आश्चर्य वाटले नसते. ‘लाव्हा’बद्दल असे म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप त्यांच्यावर नसून आपल्यासारख्या अभ्यासकांवर आहे. कृष्णवर्णीय, समलिंगी आणि ते न लपवणारा, काळ्यांच्या हक्कांसाठी उभा राहणारा कलावंत म्हटल्यावर त्याच्या प्रत्येक वळणात संघर्ष वाचण्याचा मोह होतो. संघर्ष होता. पण तीस वर्षे रोज दुकान उघडायचे, गिऱ्हाइकाचे मनगट मोजायचे, दुरुस्त्या करायच्या, दुसऱ्या शहरांतल्या दुकानांना माल पाठवायचा, हा रोजचा नेटही त्या कलेचाच भाग आहे. ‘व्होग’मध्ये फोटो छापून आले, 1969 मध्ये म्युझियम ऑफ कंटेम्पररी क्राफ्ट्सने त्यांचे स्वतंत्र प्रदर्शन भरवले, एका नागरी हक्क शाखेने एलिनॉर रूझवेल्ट यांना देण्यासाठी त्यांच्याकडून ब्रोच करून घेतला. या मानाच्या गोष्टी खऱ्या, पण त्यांच्या मधले हजारो दिवस बाकापाशी बसून गेले. साठच्या दशकात हृदयविकाराने गाठले, 1979 मध्ये दुकान बंद झाले, 1982 मध्ये ते गेले.

*

स्मिथ वेस्ट फोर्थ स्ट्रीटवर तांबे-चांदी ठोकत होते त्याच काळात, जानेवारी 1963 मध्ये, आपल्याकडे सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले. चौदा कॅरटहून अधिक कसाचा नवा दागिना घडवण्यावर बंदी आली आणि देशभरातल्या सोनारांच्या शेगड्या विझल्या. पुढे नियम सैल झाले, 1968 चा कायदा आला, तो 1990 मध्ये रद्द झाला. या आपत्तीविषयी आपण लिहितो तेव्हा सरकारी धोरण बरोबर की चूक एवढेच बोलतो. मला वेगळा प्रश्न पडतो. ज्या हातांना ठुशीचे मणी घडवता येत होते, त्या हातांचे कसब सोने बंद होताच एका रात्रीत निरुपयोगी का ठरले? तेच हात चांदीत, पितळेत चालले नसते का?

चालले असते, गिऱ्हाईक चालले नसते. आपण कारागिराला कधी त्याच्या आकारासाठी पैसे दिले नव्हते, म्हणून सोने गेल्यावर त्याच्याजवळ विकण्यासारखे काही उरले नाही असे आपणच ठरवून टाकले. त्याला दोष देता येणार नाही, आणि अमेरिकेचे उदाहरण जसेच्या तसे इथे लावताही येणार नाही. स्मिथ यांचा गिऱ्हाईक दागिन्याकडे बचत म्हणून पाहत नव्हता, कारण त्याची बचत बँकेत होती. आपल्या बाईच्या नावावर, तिच्या स्वतःच्या ताब्यात असलेली बहुतेक वेळा एकच मालमत्ता होती, आणि ती तिच्या गळ्यात होती. तिने आकारासाठी तांबे घ्यावे, हे सांगणे सोपे नाही. एवढे मान्य करूनही घडणावळ परत मिळत नाही, म्हणजे तिला किंमत नाही, हा निष्कर्ष काढायला मी तयार नाही.

कारण शेवटी टिकले काय, ते पाहा. स्मिथ गेल्यानंतर त्यांचे दागिने, हत्यारे, आरेखने, दुकानाची पाटी हे सारे त्यांचे सहचर चार्ल्स रसेल यांनी जपून ठेवले. 2007 मध्ये त्यांनी दिलेल्या दागिन्यांतून ब्रुकलिन म्युझियमने 2008 मध्ये मोठे प्रदर्शन उभे केले. ते कोणी मोडीत घातले नाहीत, याचे एक कारण प्रेम. दुसरे कारण असे की त्यांतल्या बहुतेकांना वितळवून फारसे काही मिळणार नव्हते. सोने आकाराला आज ना उद्या मुशीत ओढते. स्वस्त धातूने इथे आकाराचे रक्षण केले.

या दागिन्यांची छायाचित्रे मी दोन प्रकारची पाहिली आहेत. म्युझियमच्या पांढऱ्या पार्श्वभूमीवर एकटे ठेवलेले दागिने, आणि त्या काळच्या मॉडेलांच्या अंगावरचे. पीटर बाश यांनी 1948 च्या सुमारास टिपलेल्या एका कृष्णधवल छायाचित्रात विवस्त्र स्त्रीच्या हातावर स्मिथ यांचे ‘मॉडर्न कफ’ हे कंकण आहे. दुसरा कुठलाही अलंकार नाही, कापड नाही. धातू, कातडी आणि मधली मोकळी जागा. त्या फोटोसमोर मी तोळ्याचा भाव काय, घट किती, मोड काय येईल, असे सगळे प्रश्न लावून पाहिले. एकही लागू होत नाही. तिथे जे काही दिसते ते सगळे पावतीवरच्या दुसऱ्या आकड्यातले आहे.